कांजिण्या: मुलीची काळजी घरी घ्या, पण जाऊबाईंना फोन आजच करा

पत्र

ताई, माझी मुलगी सहा वर्षांची आहे. परवा संध्याकाळी कपडे बदलताना तिच्या पोटावर दोन-तीन लाल ठिपके दिसले. डास चावले असतील म्हणून सोडून दिलं. काल सकाळी बघते तर पाठ, छाती, डोकं, सगळीकडे पाणी भरलेल्या पुळ्या. डॉक्टरांनी बघताक्षणी कांजिण्या म्हणून सांगितलं. तापासाठी पॅरासिटामॉल आणि अंगाला लावायला कॅलामाइन लिहून दिलं, आठवडाभर शाळेत पाठवू नका म्हणाले. काल रात्रभर ती खाजवत होती आणि रडत होती. ताप 101-102 च्या खाली येतच नाही. घरात आयब्युप्रोफेनचं सिरप आहे, ते पॅरासिटामॉलबरोबर आलटून-पालटून देऊ का? सासूबाई म्हणतात, खपल्या पडेपर्यंत अंगाला पाणी लावायचं नाही, पंखाही नको. धाकटा दीड वर्षाचा आहे, त्याला ही लस द्यायची राहून गेली. मुलीच्या चेहऱ्यावर डाग राहतील का, हीपण काळजी आहे. आणि आणखी एक. माझी जाऊ पाच महिन्यांची गरोदर आहे. ती दोन दिवस आमच्याकडे राहून परवा दुपारीच गेली. मुलगी सारखी तिच्या मांडीवर असायची. तिला काही त्रास होणार नाही ना?

– एक आई

उत्तर

तुमच्या पत्रातली सगळ्यात तातडीची गोष्ट तुम्ही सगळ्यात शेवटी लिहिली आहे, म्हणून मी तिथूनच सुरुवात करते. जाऊबाईंबद्दल काय करायचं ते पत्र मिळालं त्याच दिवशी तुम्हाला थेट कळवलं होतं. तरी इथे पुन्हा सविस्तर लिहिते, कारण कांजिण्या झालेल्या मुलाच्या घरात सगळ्यांचं लक्ष त्या मुलाकडे असतं आणि ज्यांना खरा धोका असतो ती माणसं नजरेतून सुटतात.

कांजिण्यांचा विषाणू पुळ्या दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच पसरायला लागतो. श्वासातून, खोकल्यातून, पुळीतल्या पाण्यातून. म्हणजे जाऊबाई तुमच्याकडे होत्या तेव्हा मुलगी वरून ठणठणीत दिसत असली, तरी तिच्यापासून लागण होऊ शकत होती. एकाच खोलीत पंधरा-वीस मिनिटं सोबत काढली तरी डॉक्टर तो संपर्क धरतात. इथे तर दोन दिवस मांडीवर बसणं होतं.

आता पहिला प्रश्न त्यांना विचारायचा: लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का, किंवा लशीचे दोन डोस झालेत का? आठवत नसेल तर त्यांच्या आईला विचारायला सांगा. नक्की झाल्या असतील तर बहुतेक वेळा काळजीचं कारण राहत नाही. एकदा होऊन गेलेल्या माणसाला सहसा आयुष्यभराची प्रतिकारशक्ती मिळते. तरीही प्रसूतितज्ज्ञांच्या कानावर घालावं. झाल्या नसतील किंवा खात्री नसेल, तर त्यांनी आजच डॉक्टरांना फोन करायचा. आधी फोनच करायचा, थेट जाऊन बसायचं नाही, कारण त्या प्रतीक्षागृहात बाकीच्याही गरोदर बायका असतात. रक्ताची एक तपासणी करून प्रतिकारशक्ती आहे की नाही ते कळतं. नसेल तर इम्युनोग्लोब्युलिनचं (विषाणूशी लढणाऱ्या तयार प्रतिपिंडांचं) इंजेक्शन किंवा विषाणूविरोधी गोळ्या, यांपैकी काय द्यायचं ते डॉक्टर ठरवतात. इंजेक्शनचा उपयोग संपर्कानंतर 10 दिवसांच्या आत असतो आणि जितकं लवकर तितकं बरं. म्हणून ‘पुरळ आलं तर बघू’ असं म्हणून थांबायचं नाही. एक लक्षात ठेवा, कांजिण्यांची लस ही जिवंत विषाणूची लस आहे, ती गरोदरपणात देत नाहीत.

धोका किती, हेही सांगते, म्हणजे घाबरून जायला नको आणि दुर्लक्षही व्हायला नको. पहिल्या 20 आठवड्यांत आईला कांजिण्या झाल्या तर बाळात दोष राहण्याची शक्यता शंभरात एक-दोन, किंवा त्याहूनही कमी असते. आईला स्वतःला मात्र न्यूमोनिया होऊ शकतो, आणि मोठ्या माणसांत, त्यातही गरोदर बाईत, तो गंभीर असतो. प्रसूतीच्या अगदी आसपास आईला कांजिण्या झाल्या तर नवजात बाळाला फार जपावं लागतं. तुमच्या जाऊबाईंच्या हातात उपायासाठी वेळ आहे, फक्त तो वाया जाऊ देऊ नका.

याच कारणासाठी शाळेलाही आजच कळवा. ‘ताप आहे, येणार नाही’ एवढंच सांगू नका. कांजिण्या आहेत असं स्पष्ट सांगा. वर्गात एखाद्या मुलाची कर्करोगाची औषधं चालू असतील, एखाद्याला जास्त मात्रेत स्टिरॉइड चालू असेल, एखादी शिक्षिका गरोदर असेल. ही माहिती त्यांच्यापर्यंत वेळेत पोहोचणं फार मोलाचं आहे. यात लपवण्यासारखं काहीच नाही.

आता धाकट्याकडे येऊ. घरात एकाला कांजिण्या झाल्या आणि दुसऱ्याच्या अंगात प्रतिकारशक्ती नसेल, तर दहांतल्या जवळपास नऊ जणांना त्या होतातच. शिवाय घरातल्या दुसऱ्या मुलाला पहिल्यापेक्षा जास्त पुळ्या येतात असा अनुभव आहे, कारण तो दिवसरात्र त्याच हवेत असतो आणि त्याच्या अंगात विषाणूची मात्रा जास्त जाते. पण त्याच्यासाठी एक दार अजून उघडं आहे. संपर्कानंतर 3 दिवसांत, फार तर 5 दिवसांपर्यंत लस दिली तर आजार टळू शकतो किंवा हलका जातो. हे दिवस मोजताना मुलीला पुरळ दिसलं त्या दिवसापासून मोजू नका, त्याच्या एक-दोन दिवस आधीपासून मोजा. म्हणजे त्याच्या डॉक्टरांना फोनही आजच व्हायला हवा. वर्षाच्या वरच्या निरोगी मुलाला ही लस देता येते. उशीर झाला असं डॉक्टर म्हणाले तरी आणि त्याला या वेळी कांजिण्या नाही झाल्या, तर पुढच्यासाठी लस घेऊन टाका.

दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवायचं का, असं बरेच जण विचारतात. जमलं तर झोपायला वेगळं, टॉवेल वेगळा, पेला वेगळा, एवढं करा. त्यापलीकडे भावाला दाराबाहेर रडत ठेवण्यात अर्थ नाही. पुरळ दिसलं तोवर संपर्क होऊन गेलेला असतो.

त्याला होणार असतील तर कधी? संपर्कापासून 10 ते 21 दिवसांत, बहुतेकदा दोन आठवड्यांच्या सुमारास. म्हणजे ताई बरी होऊन शाळेत जायला लागली की मग धाकट्याच्या अंगावर पहिला ठिपका दिसेल. तुम्ही दोघं नोकरी करत असाल तर सगळी रजा आत्ताच संपवू नका, पुढच्या फेरीसाठी थोडी राखून ठेवा. आणि साधारण आठव्या दिवसापासून एकविसाव्या दिवसापर्यंत त्याला तान्ह्या बाळांपासून आणि गरोदर बायकांपासून लांब ठेवा, तो कितीही हुंदडत असला तरी.

आता तुमच्या मुलीच्या तापाबद्दल. आयब्युप्रोफेन देऊ नका. कांजिण्यांमध्ये पुळ्यांच्या उघड्या जागेतून स्ट्रेप्टोकोकस नावाचे जिवाणू आत शिरून त्वचेखाली गंभीर संसर्ग करू शकतात, आणि कांजिण्या असताना आयब्युप्रोफेन घेतलेल्या मुलांत असा संसर्ग जास्त आढळला आहे. दुसरं चांगलं औषध हाताशी असताना हा धोका कशाला घ्यायचा? आलटून-पालटून देणंही नको, ती बाटली कपाटातच राहू द्या. चुकून एखादा डोस आधीच दिला गेला असेल तर लगेच काही होईल असं नाही. पुढचा देऊ नका आणि त्वचेवर जरा बारीक लक्ष ठेवा.

ॲस्पिरिन तर अजिबात नाही. कांजिण्या किंवा फ्लू असलेल्या मुलांना ॲस्पिरिन दिल्यावर मेंदूला सूज आणि यकृताला इजा करणारा रे सिंड्रोम होऊ शकतो. ऑस्ट्रेलियातले डॉक्टर राल्फ डग्लस रे यांनी 1963 मध्ये या आजाराचं वर्णन केलं, आणि 1980 पासून ‘मुलांना ॲस्पिरिन देऊ नका’ असे इशारे दिले जायला लागल्यावर तो फारच दुर्मिळ झाला. आज मुलांना तापासाठी ॲस्पिरिन कुणी मुद्दाम देत नाही. पण तोंडातल्या फोडांवर लावायच्या काही जेलमध्ये त्याच जातीचं सॅलिसिलेट असतं आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही. तोंडात लावायला काहीही आणलंत तर आधी लेबल वाचा.

राहिलं पॅरासिटामॉल. त्याचा डोस वयावर नाही, वजनावर ठरतो: एका वेळी दर किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम. मूल 20 किलोचं असेल तर 200 ते 300 मिलिग्रॅम. दोन डोसांमध्ये किमान 4 ते 6 तास जायला हवेत आणि 24 तासांत चारपेक्षा जास्त डोस नकोत. ‘ताप उतरतच नाही’ असं वाटतं तेव्हा पुष्कळदा डोस कमी पडत असतो, कारण वजन वाढलेलं असतं आणि आपण मागच्या वर्षीचंच माप देत असतो. बाटलीवर ‘5 मिलीमध्ये इतके मिलिग्रॅम’ असं छापलेलं असतं. वेगवेगळ्या सिरपांत हा आकडा वेगळा असतो, तो बघून किती मिली द्यायचं ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या आणि एका कागदावर लिहून ठेवा. माप बाटलीबरोबरच्या टोपणानं किंवा सिरिंजनंच घ्या, घरातल्या चमच्यानं नको. सर्दीच्या काही मिश्र औषधांतही पॅरासिटामॉल असतं, ती सोबत दिली तर डोस दुप्पट होतो.

आणि ताप 98 वर आणायचाच असा हट्ट नको. अंगात विषाणू आहे तोवर पहिले तीन-चार दिवस ताप येणारच. औषध मुलीला बरं वाटावं म्हणून द्यायचं असतं, थर्मामीटरसाठी नाही. 101 ताप असताना ती बसून चित्रं काढत असेल, पाणी पीत असेल, तर झोपलेलीला उठवून औषध पाजायची गरज नाही.

खाज हा या आजारातला खरा छळ आहे. तुमची रात्र कशी गेली असेल ते मला कळतं.

सासूबाईंची भीती मायेपोटी आहे हे खरं, पण मुलीला आंघोळ घाला. रोज घाला, फार खाज सुटली तर दिवसातून दोनदाही चालेल. घामट, मळकट त्वचेवर खाजही जास्त सुटते आणि नखांनी फुटलेल्या पुळ्यांत जंतूही लवकर शिरतात. पाणी कोमट, गरम नाही, कारण गरम पाण्यानं खाज उसळते. दहा मिनिटं पुरेत. साबण सौम्य आणि थोडाच. पंचा, घासणी, ब्रश काही नको, तुमचा हातच अंगावरून हलका फिरवा. नंतर मऊ सुती कापडानं पुसू नका, टिपून घ्या. पुसताना पुळीचं पातळ टोपण निघून येतं आणि खालची ओली, लाल जागा उघडी पडते. तिथेच मग दुखतं, तिथेच पिकतं. सासूबाईंना शक्य असेल तर आंघोळीच्या वेळी जवळ बसवा. पाणी अंगावर पडल्यावर नातीचा चेहरा कसा सैल पडतो ते त्यांना दिसलं की वेगळं समजवावं लागणार नाही.

पंखाही चालेल. खोली गार, कपडे सैल आणि सुती, पांघरूण पातळ. उबेनं खाज वाढते, म्हणून रात्री जाड पांघरुणात गुंडाळलेली मुलं जास्त रडतात.

कॅलामाइनची बाटली आधी चांगली हलवा, औषध तळाशी बसलेलं असतं. थोडं वाटीत काढून घ्या आणि कापसाच्या बोळ्यानं एकेका पुळीवर टेकवत जा, चोळू नका. बोळा परत बाटलीत घालायचा नाही. डोळ्यांच्या कडेला, तोंडात, गुप्तांगाच्या आतल्या नाजूक भागात आणि फुटून ओल्या झालेल्या जागी लावू नका. वाळल्यावर त्याचा पांढुरका थर बसतो. त्यावर थर चढवत जाऊ नका, पुढच्या आंघोळीत जुना निघू द्या. खाज कमी करणारी, अंगाला लावायची ॲलर्जीची क्रीम डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका. शेकडो पुळ्यांवर लावली की त्वचेतून बरंच औषध अंगात जातं. आणि घरातलं जुनं स्टिरॉइडचं मलम तर मुळीच नको. रात्रीच्या खाजेसाठी तोंडानं घ्यायचं ॲलर्जीचं औषध डॉक्टर देऊ शकतात. तुमच्या मुलीच्या बाबतीत ते आजच विचारून घ्या, दोघींना झोप मिळेल.

नखं अगदी मुळाशी कापा, कानशीनं कडा घासून घ्या, दिवसातून चार-पाच वेळा हात धुवा. रात्री हातात सुती मोजे घाला. पण ‘खाजवू नकोस’ असं दिवसभर म्हणत राहू नका. सहा वर्षांच्या मुलीला ते जमत नाही, आपण अपराधी आहोत असं मात्र तिला वाटायला लागतं. खाजवण्याऐवजी काय करायचं ते द्या: गार पाण्यात पिळलेलं फडकं दाबून धरायचं, किंवा तळव्यानं हळूच थापटायचं. पोटावरचं कॅलामाइन तिचं तिलाच लावू द्या. स्वतःच्या अंगावर काय चाललंय यात आपलाही हात आहे असं वाटलं की मुलं बरीच शांत होतात. आरसा लपवू नका. ‘मी अशीच राहणार का?’ असं तिनं विचारलं तर खरं उत्तर द्या, की या सगळ्यांच्या खपल्या होणार आणि त्या पडून जाणार.

तिला ते दाखवताही येईल. हातावरची एक पुळी दोघींनी मिळून निवडा आणि रोज सकाळी बघा. आधी सपाट लाल ठिपका असतो. तो काही तासांत उंचवटा होतो, मग त्यावर स्वच्छ पाण्याचा थेंब ठेवावा तशी पातळ, चकचकीत पुळी उभी राहते. दुसऱ्या दिवशी पाणी गढुळतं, मध्यभागी खळगा पडतो, मग तपकिरी खपली धरते. मात्र अंगभर पाहिलंत तर एकाच वेळी ठिपके, पुळ्या आणि खपल्या असं सगळंच दिसेल, कारण नवीन पुळ्यांचे घोस तीन ते पाच दिवस येत राहतात. निरोगी, लस न घेतलेल्या मुलाला एकूण 250 ते 500 पुळ्या येणं हे नेहमीचंच आहे. म्हणून उद्या-परवा आजच्यापेक्षा जास्त दिसल्या तर आजार हाताबाहेर गेला असं समजू नका.

तोंडात फोड आले असतील तर ती जेवायला नको म्हणेल. दोन-चार दिवस कमी खाल्लं तरी चालतं, पाणी मात्र पोटात जायला हवं. गार, मऊ, सपक द्या. तिखट, आंबट, खारट तोंडाला झोंबतं. मुलींच्या बाबतीत एक गोष्ट कुणी आपणहून बोलत नाही, म्हणून मी लिहिते. लघवीच्या जागेजवळ पुळ्या आल्या की शू करताना आग होते, मग मुली शू धरून ठेवतात आणि पाणीही पीत नाहीत. शू करताना त्या जागी कोमट पाणी ओतत राहा, आग बरीच कमी होते. आठ तासांत लघवी झाली नाही, तोंड कोरडं पडलं, रडताना डोळ्यांत पाणी नाही, तर डॉक्टरांकडे न्या.

कांजिण्या बहुतेक मुलांच्या बाबतीत आपोआप बऱ्या होतात. घरच्यांचं काम आराम देण्याचं आणि लक्ष ठेवण्याचं असतं. लक्ष कशावर ठेवायचं, ते आता नीट वाचा.

सगळ्यात जास्त दिसणारी गुंतागुंत त्वचेची आहे. रोज आंघोळीच्या वेळी सगळं अंग उजेडात बघा. पुळीभोवती बारीक लाल कडा असतेच. पण एखाद्या पुळीभोवतीची लाली पसरत चालली, ती जागा गरम, कडक, सुजलेली लागली, हात लावू देईना, पू आला, तर त्याच दिवशी दाखवा. एखादा हात किंवा पाय खूप दुखतो म्हणून ती टेकवतच नसेल आणि वरून फारसं काही दिसत नसेल, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात न्या.

ताप चार दिवसांपेक्षा जास्त राहिला, 102 च्या वर जाऊन टिकला, किंवा उतरून एक-दोन दिवस बरं जाऊन पुन्हा चढला, तर डॉक्टरांना दाखवा. यातला उतरून पुन्हा चढलेला ताप मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण तो बहुतेकदा नवा संसर्ग सांगत असतो.

श्वास भरभर चालतोय, छाती आत ओढली जातेय, खोकला वाढतोय, उठवूनही ती नीट जागी होत नाही, असंबद्ध बोलते, मान ताठ झाली, उजेड सहन होत नाही, सारख्या उलट्या होतात, पोटात खूप दुखतं, झटका आला, पुळ्यांमध्ये रक्त दिसतंय किंवा अंगावर जांभळे डाग उठलेत. यातलं काहीही दिसलं तर फोनवर वेळ न घालवता इस्पितळ गाठा. चालताना तोल जाणं, पेला धरताना हात थरथरणं, बोलणं जड होणं, हे पुळ्या सुकत आल्यावर, आठवड्याभरानंतरही सुरू होऊ शकतं. मेंदूच्या तोल सांभाळणाऱ्या भागाला सूज आल्यानं असं होतं. बहुतेक मुलं यातून पूर्ण बरी होतात, पण तपासणी त्याच दिवशी व्हायला हवी. पापणीवर पुळी येणं नेहमीचं आहे, डोळाच लाल होऊन दुखायला लागला तर डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. आणि कुठेही नेताना आधी कळवा की कांजिण्या आहेत, म्हणजे तुम्हाला वेगळं बसवतील.

ॲसायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध सगळ्या मुलांना लागत नाही. तुमच्या मुलीसारख्या निरोगी लहान मुलीला डॉक्टरांनी ते लिहिलं नाही यात काही चुकलेलं नाही. 12 वर्षांवरची मुलं, दीर्घकाळची त्वचेची किंवा फुप्फुसाची व्याधी असलेली, स्टिरॉइड चालू असलेली मुलं, यांच्यासाठी त्याचा विचार करतात आणि घरातल्या दुसऱ्या रुग्णासाठीही करता येतो. पुरळ दिसल्यापासून 24 तासांत सुरू केलं तर त्याचा खरा फायदा. म्हणून धाकट्याच्या अंगावर पहिला ठिपका दिसला की डास म्हणून सोडू नका, त्याच दिवशी फोन करा. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या मुलाला कांजिण्या होणं ही मात्र घरी सांभाळायची गोष्टच नाही.

सासूबाईंना तिच्यापासून नागीण होईल का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण घराघरांत ही शंका असते. नागीण कांजिण्यांच्या रुग्णापासून लागत नाही. ज्याला पूर्वी कांजिण्या होऊन गेल्या, त्याच्याच मज्जातंतूंच्या मुळाशी तो विषाणू झोपलेला असतो आणि पुढे कधीतरी तिथूनच नागीण म्हणून उठतो. उलट मात्र होऊ शकतं. नागीण झालेल्या माणसाच्या फोडातल्या पाण्यातून, कांजिण्या न झालेल्या मुलाला कांजिण्या होतात. सासूबाईंना लहानपणी होऊन गेल्या असतील तर त्यांनी नातीजवळ खुशाल बसावं.

धाकट्याची लस राहून गेली म्हणून स्वतःला दोष देत बसू नका, आता ती करून घ्या. ही लस जपानमधले डॉ. मिचिआकी ताकाहाशी यांनी 1974 मध्ये तयार केली. त्याच्या दहा वर्षं आधी त्यांच्या स्वतःच्या लहानग्या मुलाला कांजिण्यांचा फार त्रास झाला होता. ताप चढतोय, श्वास अडखळतोय आणि बाप उशाशी बसून आहे, अशा त्या रात्रीतून हे काम सुरू झालं. लशीचे दोन डोस लागतात. दोन्ही झालेल्या मुलाला क्वचित कांजिण्या झाल्याच तर बहुधा पन्नासपेक्षा कमी पुळ्या येतात आणि ताप थोडा किंवा नसतोच. तुमच्या मुलीला आता या लशीची गरज नाही, आजारानंच तिला प्रतिकारशक्ती दिली आहे.

शाळेत पाठवायचं ते ‘आठवडाभर’ हे मोजून नाही, त्वचा बघून. शेवटची पुळीसुद्धा सुकून खपली धरलेली हवी आणि 24 तासांत नवीन आलेली नको. बहुतेकदा पुरळ दिसल्यापासून पाच-सात दिवसांत हे होतं. बघताना केसांत भांग पाडून बघा, कानामागे, काखेत, जांघेत बघा. उशिरा आलेल्या पुळ्या तिथेच लपलेल्या असतात. खपल्या पडून जाईपर्यंत थांबायची गरज नाही. खपलीतून लागण होत नाही.

राहिला डागांचा प्रश्न. खपल्या एक-दोन आठवड्यांत आपोआप पडतात आणि खाली फिकट किंवा काळपट ठसा राहतो. हा ठसा म्हणजे व्रण नव्हे, काही महिन्यांत तो त्वचेच्या रंगात मिसळून जातो. खोल खड्डा राहतो तो बहुतेक खपली ओढून काढल्यामुळे किंवा पुळी पिकल्यामुळे. चेहऱ्यावरच्या खपल्यांना तुम्हीही हात लावू नका, अर्धवट सुटलेली दिसली तरी. डाग जावा म्हणून नव्या, गुलाबी त्वचेवर कुठलंही क्रीम चोळू नका. उन्हात नेताना टोपी घाला, कारण उन्हानं तो ठसा गडद होऊन जास्त दिवस टिकतो. सहा महिने ते वर्षभर थांबूनही एखादा खड्डा ठळक राहिला आणि मोठेपणी तिला तो नको वाटला, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे त्यावर उपाय आहेत.